हौदाचं झाकण

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे नव्या घरात. आलो कसलं, आले. हे जाऊन आता वर्ष होत आलं, तरी हात सवयीनं 'आलो'च लिहितो.

टेम्पोवाल्यानं कपाट उंबऱ्यावर आपटलं तेव्हा मी अशी ओरडले की समोरच्या गच्चीवरची कबुतरं उडाली. एसटीच्या चौकशी खिडकीवर नोकरी झाली माझी, आधी मोहोळला, मग इथं सोलापूरला. माईक बंद पडला तरी माझा आवाज शेवटच्या प्लॅटफॉर्मपर्यंत जायचा. रिटायर झाले म्हणून काय आवाज रिटायर होतो?

घर छोटंच आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं फरशी घातलेलं अंगण आणि अंगणाखाली पाण्याचा हौद. एवढं स्वस्त कसं, असं एजंटला विचारलं तर म्हणतो, "मालकाला घाई हाय मावशी, तुमचं नशीब." मावशी म्हणे! पण घर मला आवडलं. दुपारभर मागच्या गल्लीतल्या लूमची खटखट ऐकू येते, तेवढीच सोबत.

लेकीचा, रुद्राणीचा फोन आला. तिची पुण्यातली नोकरी मार्चपासून परत सुरू होणार, शांभवीला सांभाळायला तिथं कोणी नाही. "अव्वा, लाईट, गॅस, पाणी सगळं नीट लागलं की शांभवीला आणून सोडते," म्हणाली. पाळणाघराचीही चौकशी करून ठेवलीय तिनं, जावयानं बोलता बोलता सांगितलं. म्हणजे मला हा एक महिना आहे. तीन वर्षांचं ते पोरगं इथं आलं तर हे घर. नाही आलं तर भिंतींशी बोलत बसायचं. हे मी कुणाला बोलून दाखवणार नाही, म्हणून इथं लिहिते.

शेजारची सुंदरम्मा प्यायचं पाणी घेऊन आली. चांगली आहे बाई, पण घाबरट. म्हणाली, "हितं पाणी चार-पाच दिवसांआड येतंय अक्का, येळेचा भरवसा न्हाय. नळाखाली स्टीलचं ताट पालथं घालून ठेवा. धार पडली की ताट वाजतंय." गल्लीत सगळ्यांच्या नळाखाली ताटं आहेत म्हणे. मी म्हटलं, दारात हौद असताना ताट कशाला? जन्म गेला माझा इथलं पाणी भरण्यात. नळ सोडून ठेवायचा आणि हौदाचं झाकण हातभर सरकवायचं. पाणी पडायला लागलं की हौद असा घुमतो की मेलेला माणूस उठेल.

ती बसलीसुद्धा नाही. तांब्या उचलला आणि गेली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गॅस लागला! जुन्या पत्त्यावरचं कार्ड इकडं आणायला तीन चकरा. खिडकीतली पोरगी मान वर न करता "उद्या या" म्हणाली. मी म्हटलं, बाळ, आयुष्यभर मीच लोकांना असं बोलत आले, माझ्यावर हे चालणार नाही. हसली आणि काम केलं. माणूस येऊन नवी नळी बसवून, साबणाचं पाणी लावून तपासून गेला. पहिल्यांदा दूध उतू घालवलं.

हौद साफ करायला ईरप्पा प्लंबर आला होता. गाळ काढता काढता आतून एक इवलीशी गुलाबी बादली वर दिली, भातुकलीतली, कडी तुटलेली. मी म्हटलं, बरं झालं, शांभवीला खेळायला होईल. घासून खिडकीत पालथी घातली. ईरप्पा माझ्याकडं बघतच राहिला. चहा केला होता तर नको म्हणाला. गडी चहा नको म्हणतो, असं मी पहिल्यांदाच बघितलं.

जाताना म्हणतो, "बाई, हे पत्र्याचं झाकण काढून कडी-कुलपाचं बसवून घ्या की." झालं, आणखी एक काम काढलं. पाणी काय चोरून नेणार आहे कोणी? नंतर बघू म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज जीव चालला होता माझा. रात्री झोपताना झाकण सरकवून ठेवलं, चांगलं हातभर. नळ सोडलेला. पहाटे जाग आली ती सुंदरम्माच्या ताटाच्या आवाजानं. बाहेर येऊन बघते तर हौदाचं झाकण बंद! नीट, चारी बाजूंनी बसवलेलं. आत पाणी पडत होतं, पण आवाज कुठून येणार? दैव म्हणून वरची टाकी भरायला वेळ मिळाला.

वारा नाही, काही नाही. ते झाकण मलाच दोन्ही हातांनी ओढावं लागतं, मांजरानं सरकवलं म्हणावं तर मांजर नव्हे, म्हैस पाहिजे.

सुंदरम्माला विचारलं, "तू लावलंस का ग?" ती भांडी विसळत होती. मान वर केली नाही. "मी कशाला लावू अक्का," एवढंच.

१० फेब्रुवारी, सोमवार

लाईट ऑफिस. मीटर अजून जुन्या मालकाच्या, नबीसाबच्या नावावर. नाव बदलायचं तर त्यांची सही पाहिजे. खरेदीला त्यांचा पोरगा अतीक आला होता, म्हाताऱ्यांना मी पाहिलंच नाही. मागच्याच गल्लीत राहतात म्हणे. मला वाटलं होतं घर विकून लांब कुठं गेले असतील. एवढी घाई होती आणि जाऊन राहिले कुठं, तर मागच्या गल्लीत!

दुपारी झोपून उठले तर झाकण परत बंद. आज तर पाण्याचा दिवसही नव्हता. हौदाला जरा हवा लागावी म्हणून मीच उघडं ठेवलं होतं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नबीसाबकडं जाऊन आले. भला माणूस, बुटका, हातात तसबीह, त्यांची जपमाळ. मला खुर्ची दिली, चहा मागवला, चष्मा लावून सही केली. "आप का घर है अब, आराम से रहो बेटा," म्हणाले. या वयात मला बेटा म्हणणारा माणूस भेटला. जरा बरं वाटलं.

तेवढ्यात आतल्या पडद्याआडून बाईचा आवाज आला. "हौद का ढक्कन लगाते ना तुमे?"

मी दचकले. पडद्याखाली नुसते पाय दिसत होते, पातळसे, अनवाणी. नबीसाबचा चेहराच उतरला. "झीनत, अंदर जा बेटी," म्हणाले. पण पाय हलेनात. परत तेच, "लगाते ना?"

मी खिडकीवरच्या आवाजात सांगितलं, "माझं घर, माझा हौद, मी बघून घेईन." मग पाय गेले. सून आहे, अतीकची बायको. नबीसाब म्हणाले, तबियत ठीक नसते तिची. असेल बापडी. पण घर विकलं की मनानंही विकावं माणसानं. विकलेल्या घराच्या हौदाची चौकशी कशाला?

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक गोष्ट लिहायची का नाही, दोन दिवस ठरत नव्हतं. लिहिते. इथं कोण हसणार आहे मला?

ह्यांना उघडं काही चालायचं नाही. भाताच्या पातेल्यावर झाकण, पेनाला टोपण, लोणच्याच्या बरणीला फडकं. रात्री सगळे झोपले की गॅसचं बटन बघून यायचे, अंथरुणावर पडले की परत उठून बघून यायचे. मी चिडायची. "मुच्चिडु, भुवना," म्हणायचे, झाकून ठेव. मैंदर्गीची कानडी, त्यात रागसुद्धा मऊ लागायचा.

परवा दुपारी डोळा लागलेला असताना झाकण सरकल्याचा आवाज आला. खर्रकन. मग कोणीतरी त्याच्यावर जपून हात ठेवावा तसं काहीतरी. मी उठले नाही. भीती वाटली म्हणून नव्हे. उठले तर जातील, म्हणून.

खिडकीतली गुलाबी बादली नाहीशी झालीय. ह्यांनीच उचलून ठेवली असणार. तुटकं काही दिसलं की उचलायचे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लाईट बिल माझ्या नावावर झालं. भुवनेश्वरी शरणबसव असं छापून येणार. नावात तरी दोघं बरोबर.

मी आता रोज दुपारी झाकण सरकवून ठेवते. पाणी असो नसो. मंगळवार बाजारातून येऊन बघितलं तर बंद होतं. अंगणात उभी राहून रडले, चांगलं हमसून. मग भाकरी केली, शेंगाची चटणी कुटली, ह्यांना तेल जास्त लागायचं तसं तेल घातलं. ताट वाढून शेजारी ठेवलं. वेडी म्हणेल कोणी. म्हणू दे.

या घरात आल्यापासून पहिल्यांदा एकटं वाटत नाही.

रुद्राणीला सांगितलं नाही. येत्या रविवारी येतेय शांभवीला घेऊन! "सगळं लागलं ना?" विचारलं. सगळं लागलं म्हटलं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सुंदरम्माशी वाजलं. मी झाकण सरकवत होते, ती भिंतीवरून बघत होती. "अक्का, आज पाणी न्हाय, कशाला उघडताय?" मी म्हटलं, माझी मर्जी. तर म्हणते, "रविवारी लेकरू येणार की तुमचं."

"येणार. मग?"

"मग न्हाय, काय न्हाय." पदर तोंडाला लावला. "नबीसाबचं घर विकलं जाऊ दे म्हणून गल्लीत कोणी काय बोललं न्हाय बघा. त्यांना हितं राहवेना. आमाला वाटलं, तुमी एकट्या बाई, हौदाचं काय..."

"काय हौदाचं? स्पष्ट बोल की."

पण तेवढ्यात तिचा नवरा आतून ओरडला आणि ती गेली. मी काही मागं गेले नाही. भूतबित सांगणार असेल. मला माहीत आहे कोण येतं ते, आणि त्याचं मला भय नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

आली ग माझी बाय! केस कापलेत तिचे, कान केवढे दिसतात. "अज्जी, हे तुझं घर? मग माझं कुठंय?" मी म्हटलं, हेच तुझं. अंगणभर पळाली. हौदाच्या झाकणावर उड्या मारल्या, धबधब वाजलं तर आणखी मारल्या. आतल्या घागरी, टाकीचा नळ, शेगडीचा लायटर, सगळं हाताळून झालं.

रुद्राणीनं प्रत्येक बटन दाबून बघितलं, नळ सोडून बघितले, गॅस पेटवून बघितला. बापाची लेक. "अव्वा, हौदाला कुलूप का नाही?" मी म्हटलं, ईरप्पाला सांगितलंय. सांगितलं नव्हतं.

संध्याकाळच्या गाडीनं गेली. जाताना रडली. शांभवी नाही रडली.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आजच लिहिते. उद्या लिहायला बसले तर मी यातलं थोडं स्वतःच्या बाजूनं वळवेन, मला माझा स्वभाव माहीत आहे.

शांभवी आल्यापासून झाकण बंदच ठेवलं होतं. दोन दिवस दुपारी कोणी आलं नाही, कसला आवाज नाही. आज जेवून ती झोपली. दुपारी चांगली दोन तास झोपते. मी तिच्याकडं बघत बसले आणि मनात आलं, ह्यांनी हिला पाहिलीच नाही एवढी मोठी झालेली. थोडंसंच उघडते. येतील, झाकतील, खिडकीतून बघतील आणि जातील. जाऊन झाकण सरकवलं. नेहमीसारखं हातभर. मग दाराला कडी न लावता शांभवीच्या शेजारी येऊन पडले. कडी कशी लावणार, ह्यांना यायचं होतं ना.

जाग आली तर शेजारी कोणी नव्हतं. उशीवर तिच्या डोक्याचा खळगा.

अंगणापर्यंत कशी गेले आठवत नाही. तोंडातून आवाज निघत नव्हता. हा माझा आवाज, प्लॅटफॉर्मच्या टोकाला जाणारा, तो निघत नव्हता.

झाकण बंद होतं. त्याच्यावर एक बाई बसली होती, हडकुळी, अनवाणी, डोक्यावरची ओढणी खाली आलेली. एका हातात ती गुलाबी बादली. दुसऱ्या हातानं तिनं शांभवीचं मनगट धरलं होतं, एवढं घट्ट की पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. मी धावले तरी सोडेना. मी तिची बोटं एकेक करून सोडवली.

"मैं रोज बंद करती, तुमे रोज खोलते," ती म्हणाली. मग मराठीत, हळू, लहान मुलाला समजवावं तसं, "रोज येऊन लावून जाते मी. रोज उघडं. कशाला उघडता हो? कशाला?"

काय सांगू? नवऱ्याला बोलावते म्हणून सांगू?

भिंतीवरून सुंदरम्मानं बघितलं, धावत आली. झीनतला पाणी पाजलं, आणि मग तिनंच सांगितलं. मागच्या उन्हाळ्यात अशीच दुपार. पाणी आठ दिवस आलं नव्हतं. झीनतनं आवाज यावा म्हणून झाकण सरकवून ठेवलं, मुलीला कुशीत घेऊन पडली. अर्शी नाव. चार वर्षांची. बादली भरायला गेली. पाणी आलं, हौद घुमला, झीनतला जाग आली, आणि ती आधी घागरी भरायला धावली. पोरगी सापडली संध्याकाळी. तेव्हापासून गल्लीत कोणी हौदाच्या आवाजावर झोपत नाही, ताटं लावतात. आणि झीनत रोज या अंगणात येते. बंद घर होतं तेव्हाही यायची.

झीनत ऐकत होती, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. मधेच म्हणाली, "बादली सापडली नव्हती. तुमच्या खिडकीत दिसली."

मी ती घासून शांभवीला खेळायला ठेवली होती. शिव शिव.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

रुद्राणीला सगळं सांगितलं. झाकण मी उघडलं, कशासाठी उघडलं, तेही. ह्यांचं नाव घेऊनच सांगितलं. ती म्हणाली, "येते."

संध्याकाळी आली. ओरडली असती तर बरं झालं असतं. शांभवीचे फ्रॉक घडी करून पिशवीत भरले, दोरीवरचा ओला फ्रॉकसुद्धा. शांभवीच्या मनगटावर अजून बोटांच्या खुणा होत्या, त्यांच्यावरून ती पोर हात फिरवत बसली होती. रिक्षात बसताना फक्त एवढं म्हणाली, "अव्वा, अप्पा गेलेत."

माहीत आहे ग बाई मला.

१ मार्च, शनिवार

ईरप्पानं जाड लोखंडाचं झाकण बसवलं. कडी, कुलूप. आज चहा प्याला.

किल्ली घेऊन नबीसाबकडं गेले. म्हटलं, झीनतला बोलवा. पडद्याआड ते पाय येऊन उभे राहिले. मी आवाज जमेल तेवढा खाली आणला. "बाळ, ही हौदाची किल्ली. एकच आहे, दुसरी मी ठेवलेली नाही. पाणी यायच्या दिवशी तू येऊन उघडायचं, भरलं की तूच लावायचं. मी त्याला हात लावणार नाही." नबीसाब उठून बाहेर जाऊन उभे राहिले. पडद्यातून हात आला.

आता नळाखाली मीही ताट ठेवलंय.

९ मार्च, रविवार

आज पाणी आलं. रोजे चालू आहेत, तरी झीनत ऊन चढायच्या आत आली. कुलूप काढलं, झाकण उचललं आणि कडेला बसली. मी लांब पायरीवर. हौद भरेपर्यंत ती आत बघत असते. आज वाकून अगदी हळू आवाजात आत काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. मग थोडा वेळ कान देऊन बसली, उत्तराला थांबावं तसं. मीही थांबले. नळाची धार तेवढी ऐकू येत होती. नंतर झाकण लावलं, कुलूप घातलं, ओढून बघितलं, दोन पावलं जाऊन परत येऊन ओढून बघितलं. हे असंच करायचे.

तिला म्हटलं, रोजा सुटला की एखाद्या दिवशी ये माझ्याकडं, भाकरी करते. मान हलवली. येईल का नाही, कोण जाणे.

दुपारी कोणी येत नाही आता. लूम चालू असतात. रात्री गॅसचं बटन मीच बघते, आणि अंथरुणावर पडले की परत उठून बघते.

संध्याकाळी रुद्राणीचा फोन आला, गेल्यापासूनचा पहिला. तब्येत, औषधं, बाकी काही नाही. ठेवता ठेवता विचारलं, "झाकण?"

"लोखंडाचं केलं. कुलूप आहे."

"किल्ली कुठं असते?"

"झीनतकडं. माझ्याकडं नाही."

पलीकडून शांभवीची बडबड ऐकू आली. मग रुद्राणी म्हणाली, "मे महिन्यात बघू, अव्वा."